चौथी रिबिट

खुंटीवर साखळी नव्हती.

गोठ्यातलं आटोपून, हात धुऊन मी पडवीत आले तर खुंटी रिकामी. भिंतीशी बघितलं, बाकाखाली बघितलं. साखळी म्हणजे काही सुई नव्हे की पडली तर सापडायची नाही. मला सगळं तेव्हाच कळलं होतं, तरी मी बाकाखाली दोनदा वाकून बघितलं.

"आये, हंयसर साखळी होती ती?"

सासूबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. "जनू घेवन गेलो. वारो पडाचा नाव घेणा नाय. तुझ्या बापाशीचो निरोप इलो, झाड आजच पाडूचा. तू गोठ्यात होतंस."

"कधी गेले?"

"झालो घंटोभर. तुझा तोंड असा कित्या झाला?"

"काय नाय," म्हटलं आणि पाचावर धारण बसली ती तिथेच.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी तेव्हा आमच्याकडे रीत होती. आता साठी उलटली, कोण काय म्हणणार आहे, म्हणून घेते. जनार्दन. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. तो त्याआधी तीन वर्षं माझ्या वडिलांबरोबर झाडं पाडायचं काम करत होता, आणि म्हणूनच मी त्याला दिली गेले. माझे वडील तातू गावडे, मी त्यांना आबा म्हणायची. कुडाळच्या पलीकडच्या आमच्या सगळ्या वाड्यांत कुणाच्या घरावर झाड कललं की आबांना बोलावणं यायचं.

आबांकडे लाकूड कापायची एक जुनी अवाढव्य मशीन होती, दोघांनी धरायची. एका टोकाला इंजीन, ते आबा धरत. मधे चार फुटी पातं, त्यावरून दातेरी साखळी फिरायची. पात्याच्या पलीकडच्या टोकाला नुसती मूठ, तिथे जनार्दन. तिचा आवाज आणि हट्टीपणा बघून गावाने तिचं नाव 'रेडो' ठेवलं होतं. बाजारात हलक्या मशीनी आल्या होत्या, जनार्दनने एक घेतलीही होती. फांद्यांना ती बरी. पण दोन माणसांनी मिळून कवेत घ्यावं असं खोड आलं की सगळे रेड्याकडेच बघत.

दोन्ही मशीनींच्या साखळ्यांची देखभाल माझ्याकडे. दात्यांना कानस लावायची, तुटलेली कडी काढून नवी घालायची, रिबिट ठोकून जोड पक्का करायचा. आई लवकर गेली, आबांच्या मांगरात, म्हणजे कामाच्या खोपटात वाढले, तेच माझे सागरगोटे. सासरी आल्यावर सासूबाईंनी शेजारणीला विचारलं होतं, "सुनेन भाकरी बडवची की लोखांड?" पण जनार्दनला माझ्या जोडाचा भरवसा होता. "पमेचो जोड सुटाचो नाय," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि मी आतल्या आत फुगायची.

आबांचा नियम एकच होता. "मशीनीची ताकद बगून साखळी. रेड्याक वासराचा दावा बांदूचा नाय." जनार्दनच्या मशीनची साखळी बारीक आणि तिच्या रिबिटाही बारीक. रेड्याची साखळी जाड, रिबिटा जाड. दोन्ही रिबिटा तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या तर परक्या माणसाला फरक दिसणार नाही. पण रेडो ज्या जोराने साखळी ओढतो त्या जोरात बारीक रिबिट फार वेळ टिकत नाही. आणि तुटलेली साखळी गप्प खाली पडत नाही, ती चाबकासारखी बाहेर येते. पलीकडच्या मुठीशी जो उभा असेल तो तिच्या अगदी रेषेत असतो. हे मला दहाव्या वर्षापासून पाठ होतं.

आदल्या दिवशी एका फणसाच्या खोडातल्या जुन्या खिळ्यावर साखळी आपटून दोन दाते गेले. जनार्दन ती घरी घेऊन आला. नवी कडी घालायची तर चार रिबिटा लागतात. माझ्या डबीत जाड तीनच निघाल्या. बाकीच्या आबांच्या मांगरात, तपकिरीच्या डब्यात. अर्ध्या तासाची वाट. दिवेलागण झाली होती, सासूबाईंनी भात वेळायला सांगितला होता, आणि आतून जनार्दनने विचारलं, "झाली काय गो?"

मी म्हटलं, "झाली."

चौथी बारीक होती. भोकात ती किंचित हलत होती. मी तिचं डोकं ठोकून ठोकून असं पसरट केलं की वरून बघणाऱ्याला कळू नये. मनात म्हटलं, उद्या सकाळी डबा आणू आणि बदलू, वरच्या वाडीतलं कललेलं झाड काही उद्याच पाडायचं नाही. 'उद्या' म्हणणाऱ्याच्या तोंडात कुणीतरी तेव्हाच माती घालायला हवी होती.

मी हातोडी घेतली आणि निघाले. न्याहारी घेऊन जा म्हणून सासूबाई मागून सांगत होत्या, ते ऐकलं न ऐकलं केलं. वाटेत आबांचा मांगर लागतो. तिथे शिरून फळीवरचा तपकिरीचा डबा काढला. अजून सुरू केलं नसेल तर तिथल्या तिथे दगडावर ठेवून बदलता येईल. मी डबा कमरेला खोचला आणि मांगराचं दार लावतेय तोच वरच्या वाडीच्या अंगाने रेडो सुरू झालेला ऐकू आला.

चढणीची वाट मी तशी धावत कधी चढले नव्हते. एक गोष्ट चांगली होती आणि तीच भयंकर होती. आवाज ऐकू येत होता. आवाज चालू आहे तोवर साखळी शाबूत आहे, आणि साखळी शाबूत आहे तोवर जनार्दन उभा आहे. मी त्या आवाजाला धरून चालत राहिले. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही, नुसतं "चालू रव, चालू रव," म्हणत होते. मग लगेच वाटायचं, चालू राहून तरी काय, प्रत्येक फेऱ्याला ती रिबिट झिजतेच आहे. म्हणजे बंदच पडू दे. माझं मला कळेना मी काय मागतेय.

ओहळाशी पोचले आणि आवाज बंद झाला.

मी पाण्यात उभी राहिले. पाय पुढे टाकवेना. कुणाची तरी किंकाळी येईल म्हणून कान दिला, तर नुसता वारा. नोव्हेंबरातलं ते वादळ समुद्रातच राहिलं होतं, पण त्याचा वारा तीन दिवस आमच्या डोंगरावर आपटत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या मनात मी तेवढ्यात विधवा झाले, सासूबाईंच्या पुढे उभी राहिले, त्यांनी विचारलं, "जोड कोणी केललो?" ते सगळं झालं.

मग रेडो परत सुरू झाला. पण आवाज वेगळा होता. नेहमी पूर्ण भरात आला की तो कानठळ्या बसवतो. आता तो जड, हळू, धापा टाकल्यासारखा चालला होता. इंजिनाला काहीतरी झालंय असं मला वाटलं. मी पुन्हा धावायला लागले.

झाड म्हणजे बायजी राणेच्या घरामागचा रायवळ आंबा. त्याची डोंगराकडची मुळं उचकटली होती आणि सगळं धूड खालच्या दोन घरांवर कललं होतं. उलट बाजूला पाडायचं म्हणून वर लोखंडी दोर बांधून चार गडी कप्पीवर ओढून धरून होते. घरं रिकामी केलेली. माणसं बाजूच्या शेतात उभी, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या डोक्यावर देवाची पाटी. मी त्यांच्यातून पुढे घुसले.

आणि मला जे दिसलं ते क्षणभर कळलंच नाही. इंजिनाशी जनार्दन होता. पलीकडच्या मुठीशी आबा होते.

आबा त्या बाजूला कधीच उभे राहत नसत. पंधरा वर्षांत नाही.

"ह्येनी जागो कधी बदललो?" मी बायजीला विचारलं.

"आताच मा," बायजी म्हणाली. "तेल घालूक थांबलेले. तुझ्या बापाशीन साखळी हातान फिरवन बगल्यान. खंयतरी बोट लावन जरासो थांबलो. मगे जनूक म्हणालो, माजो खांदो दुकता, तू इंजिनार ये. आणि आवाज चढवू नुको म्हणान बजावल्यान. म्हातारो झालो गो तातू."

आबांचा खांदा दुखत नव्हता.

आबांच्या बोटांना तो जोड कळला होता. पातं खोडात अर्ध्यावर रुतलेलं. बाहेर काढायचं, साखळी उतरवायची, रिबिट बदलून परत चढवायची म्हणजे तास गेला असता, आणि अर्ध्यावर कापलेलं झाड त्या वाऱ्यात कुणाला तास देत नाही. दोरावर चार माणसं होती, खाली दोन घरं होती. साखळी बदलता येत नव्हती म्हणून त्यांनी ताकद कमी केली. आणि मुठीवरून जावयाला उठवून स्वतः तिथे जाऊन उभे राहिले.

त्यांनी मला बघितलं. मी कमरेचा तपकिरीचा डबा काढून वर धरला. का धरला, देव जाणे. त्यांनी मान हलवली, म्हणजे ठाऊक आहे. मग एक हात मुठीवरून जरा उचलून तळवा माझ्याकडे केला. थंयच रव.

जनार्दनची पाठ माझ्याकडे होती. मी ओरडले असते तर त्याने मशीन बंद केली असती. बंद केली असती तर झाड? नाही ओरडले तर आबा? मी डबा छातीशी धरून उभी राहिले. लोकांना नंतर वाटलं की लेक बापाच्या काळजीने गप्प होती. काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर मला याचीही भीती वाटत होती की जनार्दन वळेल आणि विचारेल, काय झालं. त्या वेळीसुद्धा.

रेडो धापा टाकत होता. भुसा संथ पडत होता. आबांनी एका हाताने पाचर पुढे सरकवली, दोराकडे बघून मान हलवली. चार बोटं लाकूड कापायचं राहिलं असेल, मग तीन. मी मोजत होते.

तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला. आंब्याने खालून कर्र केलं आणि सगळा शेंडा घरांच्या बाजूला झुकला. दोरावरचे गडी ओढले गेले. बायजीने तोंडावर पदर घेतला. जनार्दनने बघितलं की झाड फिरतंय, आता कापून मोकळं केलं नाही तर घरं गेली. त्याने आवाज चढवला. कुणीही चढवला असता.

रेडो त्याच्या नेहमीच्या आवाजात एकदाच ओरडला. मग काहीतरी फट्कन वाजलं आणि इंजीन रिकामं किंचाळत राहिलं.

झाड बरोबर पडलं. डोंगराच्या अंगाला, जिथे पाडायचं होतं तिथे. लोकांनी आधी झाडच बघितलं. मी आबांना बघत होते. ते खाली बसले होते, जेवायला बसतात तसे मांडी घालून, आणि डाव्या हाताने उजवा दंड घट्ट धरला होता. बोटांमधून रक्त येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी दंडातून कडीचा तुकडा काढला. हात राहिला, पण मुठीतली ताकद पुन्हा येणार नाही म्हणाले. एक वीत वर लागलं असतं तर मानेला. हे त्यांनी जनार्दनला सांगितलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

संध्याकाळी आबांजवळ मी एकटी होते. मी म्हटलं, "आबा, ती रिबिट..."

"साखळी जुनी होती," आबा म्हणाले.

"आबा, मी..."

"पमे, साखळी जुनी होती. तुका त्या घरात अजून चाळीस वर्सां काढूची आसत. जनूक पण सांगू नुको."

मला रडू आलं, आणि रडता रडता सुटल्यासारखंही वाटलं. आजपर्यंत त्या सुटकेची मला लाज वाटते.

पण आबांनी एक हिशेब केला नव्हता. साखळी जुनी होती हे जनार्दनला पटलं नाही. त्याच्याजवळ स्वतःचा दोष तयार होता. "आवाज चढवू नुको म्हणून सांगलेला, मी चढवलंय," एवढंच तो बोलायचा. जेवायला बसला की दोन घास खाऊन हात धुवायचा. रेड्यावर त्याने गोणपाट टाकलं. स्वतःची मशीन विकायला काढली. सासूबाई मला म्हणाल्या, "काय तरी बोल गो त्येच्याशी. तुझा आयकता तो." मी बोलायची, "तुमची चूक नाय." तो म्हणायचा, "मगे कोणाची?" आणि मी उठून भांडी घासायला जायची.

बाराव्या दिवशी त्याने सांगितलं की देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलंय. आमच्याकडे काही चुकलं-माकलं की देवासमोर गाऱ्हाणं घालतात. मानकरी ते मोठ्याने बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. सगळ्यांनी होकार दिला की ते देवाकडे पोचलं.

देवळात पंचवीस-तीस माणसं होती. आबा गळ्यात हात बांधून आले होते. बायका नेहमीसारख्या मागे, खांबापाशी. बायका गाऱ्हाण्यात तोंड उघडत नाहीत. जनार्दन नारळ पुढे ठेवून उभा होता. बारा दिवसांत त्याचा सदरा त्याला मोठा झाला होता.

भिकाजी मानकऱ्याने आवाज लावला.

"बा देवा महाराजा, आज ह्या वाडीतलो तुजो लेकरू जनू तुज्या दारात उभो आसा."

"व्हय महाराजा."

"झाड पाडताना थोरल्या माणसाचो शब्द त्येणी मोडल्यान, महाराजा."

"व्हय महाराजा."

ओहळात उभी होते तेव्हा जितकी घाबरले होते त्याहून मी आता घाबरले होते. तेव्हा माणूस मरेल ही भीती होती. आता माणूस माझ्यासमोर जिवंत उभा होता आणि मान खाली घालून माझी चूक स्वतःच्या नावाने देवाला देत होता. आणि सगळा गाव हो म्हणत होता.

"त्येच्या हातसून सासऱ्याचो उजवो हात गेलो, महाराजा. ती चूक..."

"नाय महाराजा," मी म्हटलं.

आवाज बारीकच आला, पण देवळात तो सगळ्यांना ऐकू गेला. भिकाजी थांबला. चाळीस वर्षं तो गाऱ्हाणं घालत होता, "नाय" त्याने कधी ऐकलं नव्हतं. सगळी डोकी मागे वळली. सासूबाईंनी माझा दंड धरला. आबांनी डोळे मिटून घेतले.

"नाय महाराजा," मी परत म्हटलं, कारण आता थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते. "साखळी मी जोडलेली. जाड रिबिट नव्हती म्हणून बारीक घातलंय. माका ठावक होता. ह्येनी इचारल्यानी, झाली काय, आणि मी झाली म्हटलंय. बापाशीक कळला, म्हणान तो मुठीर गेलो. ह्येंची चूक नाय."

कमरेचा तपकिरीचा डबा मी बारा दिवस बरोबरच वागवत होते. तो पुढे जाऊन नारळाशेजारी ठेवला. त्यापलीकडे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी तिथेच बसले.

जनार्दन माझ्याकडे बघत होता. मग त्याने आबांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. खांदा दुखतो म्हणून त्याला मुठीवरून उठवणारा माणूस समोर गळ्यात हात बांधून उभा होता. जनार्दनचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. त्यात राग होता, तो माझ्यासाठी होता, आणि मला तो हवा होता.

कुणीतरी खाकरलं. भिकाजीने टोपी नीट केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"बा देवा महाराजा, ही तुजी लेक प्रमिला तुज्या दारात बसली आसा. तिच्या हातसून जोडात चूक झाली, महाराजा. ती चूक तिणी आपल्या तोंडान सांगल्यान. ती पोटात घाल, महाराजा."

पहिलं "व्हय" कुणी म्हणायचं ते कुणाला कळेना. वारा केव्हाच पडला होता, देवळात समईची वातसुद्धा हलत नव्हती. मी जमिनीकडे बघत राहिले.

"व्हय महाराजा," जनार्दन म्हणाला.

त्याच्यामागून सगळ्यांनी म्हटलं. शेवटचा, जरा उशिरा, आबांचा आवाज आला. मी मान वर केली. दोन हात जोडता येत नव्हते, म्हणून त्यांनी एकच छातीशी धरला होता.